तांबड्या रश्श्याचा डाग, करडं पडलेलं पांढरं धुणं आणि पावसातल्या टॉवेलचा वास

ताई, तुमचा प्रश्न असा आहे की जत्रेच्या जेवणात मिस्टरांच्या पांढऱ्या शर्टवर तांबडा रस्सा सांडला, रात्री घरी येऊन साबणाची वडी चोळली तर डाग लालभडक झाला, मग घाबरून गरम पाण्यात मशीनला लावला, वाळवला, इस्त्री केली आणि आता नारंगी-पिवळा डाग बसलाय तो हलत नाही. वर पांढरे कपडे सगळेच करडे दिसायला लागलेत आणि पावसाळ्यात टॉवेलला कुबट वास मारतोय. तिन्हीचं सांगतो, जरा लांबेल पण शेवटपर्यंत वाचा. आमचं कोल्हापुरात शिवाजी पेठेत लॉन्ड्रीचं काम आहे, आज्ज्याच्या काळात भट्टी लावायचे तेव्हापासनं, आणि दुकानात "हा डाग काही केल्या जात नाही" म्हणून जे कपडे येतात त्यातले निम्म्याहून जास्त डाग मुळात साधे असतात. घरी घाईघाईत गरम पाणी, घासणं, ब्लीच आणि शेवटी इस्त्री या चार गोष्टींनी ते पक्के झालेले असतात.

आधी लाल का झाला ते सांगतो म्हणजे भीती जाईल. हळदीत जो पिवळा रंग असतो, कर्क्युमिन, तो साबण-सोड्याला लागला की लाल होतो. साबण पूर्ण निघाला, नाहीतर वर थोडं लिंबू पडलं की परत पिवळा. म्हणजे डाग वाढला नव्हता, कपड्यात हळद आहे एवढंच त्यानं सांगितलं. आम्ही तर मुद्दाम एका कोपऱ्यात साबण लावून बघतो, लाल झालं की हळद, नाही झालं की नुसतं तेल-तिखट. कुंकवाचं पण बघा, जे हळदीपासनं केलेलं असतं ते चुन्यानं किंवा क्षारानंच लाल केलेलं असतं, म्हणून त्या कुंकवावर लिंबू पिळलं तर ते पिवळं पडतं.

आता तांबडा रस्सा (मिसळीच्या कटाचं पण हेच) म्हणजे एक डाग नाही, चार डाग एकावर एक आहेत. वर तेल आणि मटणाची चरबी, त्यात मिरचीचा रंग विरघळलेला, त्याखाली हळद, आणि मटणाच्या अर्काचं प्रोटीन. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. हळद पण पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळं तेल काढल्याशिवाय कितीही पाणी मारा, रंग तेलाबरोबर तिथंच बसून राहतो. आणि तेल काढायच्या आधीच गरम पाणी लावलं की प्रोटीन शिजतं आणि धाग्याला चिकटतं. म्हणून क्रम महत्त्वाचा, कुठली पावडर वापरली त्यापेक्षा क्रम महत्त्वाचा.

पुढच्या वेळी सांडला तर तिथल्या तिथं एवढंच करा. चमच्याच्या कडेनं किंवा कार्डानं वरचा रस्सा उचलून घ्या, घासायचा नाही. कोरडा टिश्यू किंवा रुमाल दाबून तेल टिपून घ्या. टाल्कम पावडर मिळाली तर भरपूर टाका, नाही मिळाली तर तसंच राहू दे, पण ओला रुमाल घेऊन गोल गोल घासत बसू नका, त्यानं रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो. घरी आल्यावर डागाच्या मागच्या बाजूनं गार पाण्याची धार सोडा, म्हणजे जे आत गेलंय ते आल्या वाटेनं बाहेर पडेल. मग कपडा पिळून त्यावर भांडी घासायचं लिक्विड, पाणी न मिसळता, दोन्ही बाजूंनी लावा, बोटांनी हळू चोळा आणि पंधरा-वीस मिनिटं सोडा. यावेळी लाल होईल, होऊ दे. मग हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यानं धुवा. मटणाची चरबी गार पाण्यात गोठते म्हणून इथं कोमट लागतं, पण ते प्रोटीन निघून गेल्यावर. हाताला चिकट, बुळबुळीत लागायचं बंद झालं की तेल संपलं, नाहीतर परत एकदा लिक्विड.

यानंतर जो पिवळा राहतो तो हळदीचा, आणि हळदीवर सगळ्यात भारी औषध म्हणजे ऊन. खरंच. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. कपडा ओला असतानाच डागाची बाजू सूर्याकडं करून दांडीवर टाका, वाळला की परत पाणी शिंपडा, कडक उन्हात एका दिवसात लई फरक पडतो. मिरचीचा रंग पण उन्हानं उतरतो. रंगीत कपडा असेल तर मात्र बेतानं, कारण ऊन शर्टाचा रंग पण खातं, तिथं डाग आतल्या बाजूनं उन्हाला लावा आणि अधूनमधून बघत राहा.

तुमचा शर्ट इस्त्री झालेला आहे म्हणजे काम वाढलं, पण सोडून देऊ नका. कोरड्या डागावरच भांड्याचं लिक्विड लावा (आधी ओला करू नका, पाणी आत असलं की लिक्विड आत शिरत नाही), जुन्या मऊ टूथब्रशनं हळू थोपटा, अर्धा-पाऊण तास ठेवा, कोमट पाण्यानं काढा. मग बादलीत चांगलं गरम, हात पटकन काढून घ्यावा वाटेल इतपत, पाणी घेऊन त्यात ऑक्सिजन ब्लीचची पावडर टाका, व्हॅनिश वगैरे नावानं मिळते ती, आतला मुख्य माल सोडियम परकार्बोनेट. गरम पाण्यात त्यातनं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं आणि ते रंग तोडतं, गार पाण्यात टाकली तर काम फार हळू होतं. शर्ट पांढरा कॉटन किंवा टेरीकॉट असेल तर तीन-चार तास, रात्रभर पण चालतो. मग ऊन. एका फेरीत गेला नाही तर फिका झाला का ते बघा, फिका होत असेल तर परत तेच करायचं. आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री लावायची नाही, ड्रायरला पण नाही. जुलै-ऑगस्टात आपल्याकडं ऊनच नसतं, अशा वेळी तेल तेवढं काढून ठेवा, हळदीचं पिवळं नंतर गौरी-गणपतीच्या पुढं ऊन पडलं की काढता येतं, ते कुठं पळून जात नाही.

क्लोरीनवालं ब्लीच, रिन आलासारखं, त्यावर मी सरळ बोलतो. ते वाईट नाही, पण शंभर टक्के पांढऱ्या कॉटनसाठी आहे आणि तिथंही शेवटचा उपाय म्हणून, पाण्यात विरघळवून, दहा-पंधरा मिनिटं. रेशीम आणि लोकरीला ते अक्षरशः खातं, लेगिंग-मोज्यातल्या स्ट्रेचच्या धाग्याला पिवळं करतं. घामाच्या पिवळ्या डागावर टाकलं तर डाग जास्त पिवळा होतो. आणि जिवाशी येणारी गोष्ट, ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं अ‍ॅसिड यातलं काही कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये लोकं "दोन्ही टाकलं की लवकर निघेल" म्हणून करतात, हे फार धोक्याचं आहे. अमोनियावालं काही असेल तर तेही नाही.

रक्त, दूध, अंडं, बाळाची ओकारी, घाम हे सगळे प्रोटीनचे डाग. यांना फक्त गार पाणी. ताजं रक्त गार पाण्याच्या धारेखालीच बरंचसं निघून जातं. वाळलं असेल तर गार पाण्यात थोडं मीठ टाकून भिजवा, मग मेडिकलमध्ये मिळतं ते ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पांढऱ्या कपड्यावर थेंब थेंब टाका, फेस येईल, टिपून घ्या. रंगीत असेल तर आधी आतल्या शिवणीवर टाकून बघा. एन्झाइमवाली चांगली डिटर्जंट पावडर या डागांवर काम करते, पण एन्झाइमला वेळ लागतो, अर्धा तास तरी भिजू दे, आणि उकळत्या पाण्यात ते मरतं. रेशीम आणि लोकर हे स्वतःच प्रोटीन आहेत म्हणून त्यांना एन्झाइमवाली पावडर नको.

दुधाच्या चहाचा डाग असेल तर आधी गार पाणी (दुधासाठी), मग डिटर्जंट, मग ऑक्सिजन ब्लीच. त्यावर सोडा किंवा वडी थेट चोळली की चहाचा रंग गडद होतो. बॉलपेनवर सर्जिकल स्पिरिट किंवा सॅनिटायझर, खाली जुना टॉवेल ठेवून वरनं टिपायचं, टॉवेलची जागा बदलत राहायचं, नाहीतर तीच शाई परत चढते. काकवी, गुळाचा पाक, उसाचा रस नुसत्या कोमट पाण्यानं जातो, मात्र धुवायच्या आधी इस्त्री झाली तर साखर करपते आणि तपकिरी होते. मेहंदी कॉटनवर असेल तर ऑक्सिजन ब्लीचनं फिकी होते, रेशमावर धरली की धरली. केळीचा आणि काजूचा चीक एकदा काळा पडला की जात नाही, आजरा-चंदगडकडचे लोक काजूच्या दिवसात जुने कपडे वेगळे ठेवतात ते बरोबर करतात.

आता आपल्याकडचे खास. जोतिबाची चैत्र यात्रा असो की गणपतीची मिरवणूक, गुलालाचा कपडा घरी आणल्या आणल्या लोक पाण्यात बुडवतात, आणि तिथंच घात होतो. गुलाल म्हणजे कोरडी पावडर आणि त्यात रंग, पाणी लागलं की तो रंग सुटून धाग्यात शिरतो. आधी गच्चीवर नेऊन कोरडाच झटका, उलटा करून झटका, खिसे, कॉलरची घडी, शिवणी कोरड्या ब्रशनं साफ करा. गुलाल पडायचा बंद होईपर्यंत पाणी नाही. मग एकटाच, भरपूर गार पाण्यात, न भिजवता लगेच हिसळत राहा, पाणी गुलाबी यायचं थांबेपर्यंत. बादलीत तसाच ठेवला तर सुटलेला रंग परत त्याच कपड्यावर बसतो. पांढऱ्यावर उरलेला गुलाबी ऑक्सिजन ब्लीचनं जातो बहुतेक. आणि गुलालाच्या कपड्याबरोबर दुसरा एक रुमाल सुद्धा टाकायचा नाही.

तालमीतल्या मातीचं वेगळं. ती नुसती तांबडी माती नसते, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून मळलेली असते. लाल रंग लोखंडाच्या गंजासारख्या ऑक्साइडचा, त्यामुळं ब्लीच टाकून काही होत नाही, ते ब्लीच रंग तोडतं आणि इथं तोडण्यासारखा रंगच नाही, बारीक कण आहेत. लंगोट, बनियन आधी पूर्ण वाळू द्या, ब्रशनं माती झाडा, गार पाण्यात दोन-तीनदा खळबळून काढा, मग तेलासाठी डिटर्जंटमध्ये अर्धा तास, मग ब्रश. पोरांच्या खेळाच्या कपड्यांचं पण तसंच, चिखल ओला असताना घासला की कण आत जातात.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतनं, उद्यमनगरातनं आमच्याकडं फाउंड्रीचे आणि लेथचे कपडे येतात. त्यात दोन वेगळे त्रास असतात. ग्रीस-ऑइलवर थेट भांड्याचं लिक्विड, नाहीतर थोडं खोबरेल लावून आधी ग्रीस सैल करायचं आणि मग लिक्विड. दुसरं म्हणजे लोखंडाचा कीस. तो कपड्यात अडकून राहतो आणि कपडा ओला राहिला की तिथं गंजाचे ठिपके उठतात. हे कपडे रात्रभर भिजत ठेवू नका, आणि क्लोरीन ब्लीच तर बिलकुल नको, गंज त्यानं पक्का होतो. गंजाच्या ठिपक्यावर लिंबू पिळून वर मीठ, उन्हात तासभर, मग भरपूर पाण्यानं धुवायचं. लोखंडी तारेवर वाळत घातल्यावर जे गंजाचे पट्टे येतात ते पण यानंच जातात. रंगीत कपड्यावर आधी कोपऱ्यात बघून.

पुराचं सांगायलाच पाहिजे. २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत पंचगंगा घरात शिरली तेव्हा कपाटंच्या कपाटं गाळात होती, आणि लोकांनी चिखल वाळू दे म्हणून कपडे ढिगानं ठेवले. तालमीच्या मातीचा नियम इथं लागू नाही. पुराच्या पाण्यात गटारीचं पाणी, डिझेल सगळं असतं, कपडा आतपर्यंत भिजलेला असतो, ढिगात दोन दिवसात बुरशी धरते आणि रंग एकमेकांत उतरतात. ते कपडे ओले असतानाच मोकळ्या जागी स्वच्छ पाण्यानं, पायपानं, गाळ पूर्ण निघेपर्यंत धुवायचे, रंगवार वेगळे करायचे, मगच साबण. पांढऱ्या कॉटनला शेवटी पातळ क्लोरीन ब्लीच, बाकीच्यांना कपडा सोसेल इतकं गरम पाणी. हातात ग्लोव्हज घालूनच. आणि गाळासकट मशीनमध्ये टाकायचं नाही, मशीन जातं.

तुमचे पांढरे कपडे करडे का पडतात? बोअरचं पाणी असणार. जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, साबण त्याच्याशी मिळून चोथा बनवतो आणि तो चोथा मळासकट कपड्यावर बसतो. फेस येत नाही म्हणून आपण अजून पावडर टाकतो, ती नीट निघत नाही, कपडा अजून करडा आणि कडक. उपाय उलटा आहे. पावडर वाढवायची नाही, पाणी हलकं करायचं. बादलीला एक चमचा धुण्याचा सोडा आधी पाण्यात पूर्ण विरघळवा, पाच मिनिटांनी डिटर्जंट टाका. धुण्याचा सोडा म्हणतोय, खायचा नाही, खायचा सोडा यासाठी फार कमजोर पडतो. रेशीम-लोकरीला सोडा नको. शेवटच्या दोन पाण्यांपैकी एक नळाचं मिळालं तर उत्तम. आत्ता जे करडे पडलेत ते एकदा गरम पाणी, सोडा आणि ऑक्सिजन ब्लीच यात रात्रभर भिजवा, सकाळी पाणी बघा कसलं निघतं. आज्ज्याची भट्टी म्हणजे दुसरं काय होतं, सोड्याच्या वाफेत कॉटन शिजवून हाच साचलेला मळ बाहेर काढायचे.

नीळ आणि उजालानं मळ निघत नाही, पिवळेपणावर निळी झाक चढवून पांढरं दिसतं एवढंच. स्वच्छ कपड्यावर शेवटच्या पाण्यात दोन-चार थेंब छान, मळक्यावर टाकली तर निळट करडा रंग येतो आणि थेट कपड्यावर पडली तर ठिपके.

टॉवेलचा वास. त्यात साबणाचे अंश, अंगाचं तेल आणि ओल यावर जंतू वाढलेले असतात, वरनं कम्फर्ट टाकून वास झाकतो आणि टॉवेलवर थर चढून तो पाणी पण शोषत नाही. टॉवेलला सॉफ्टनर पूर्ण बंद करा. पावडर निम्मी करा, कापडाला लागतं तेवढंच. महिन्यातनं एकदा टॉवेल कडक गरम पाण्यात परकार्बोनेट टाकून भिजवा. मशीन संपलं की लगेच कपडे बाहेर, रात्री लावून सकाळी काढायचं नाही. ड्रम गच्च भरू नका, वर वीतभर जागा राहिली पाहिजे, कपडा आपटला तरच मळ सुटतो. फ्रंट लोड असेल तर दाराचं रबर उचलून बघा, तिथं काळी बुरशी असते, वास बऱ्याचदा तिथनंच येतो. पावसात एक जादा स्पिन मारा आणि कपडे एकमेकांना चिकटवून न घालता पंख्याखाली घाला. ओलसर कपडा इस्त्रीनं वाळवून कपाटात ठेवला की संध्याकाळी परत वास येणार.

इरकल किंवा गडद लाल-हिरव्या साड्यांचा रंग जातो म्हणून मीठ, तुरटी, व्हिनेगर असं बरंच काय काय घालतात. कच्चा रंग मिठानं पक्का होत नाही, तो रंगवतानाच पक्का व्हायला पाहिजे होता. पहिल्या चार-पाच धुण्यांना एकटी, गार पाण्यात, न भिजवता, लगेच पिळून सावलीत उलटी, एवढंच खरं. रंग दुसऱ्यावर उतरला तर तो कपडा वाळू न देता लगेच परत धुवा, ओला असेपर्यंत निघायची आशा असते.

घरी धुवायचं साधं रेशीम असेल तर रिठा भिजवून, उकळून, गाळून त्याच्या गार फेसात दोन मिनिटं, पण फिकट रंगावर रिठ्याची तपकिरी झाक येते म्हणून गडदलाच. पैठणीला, जरीला, अस्तरवाल्या शेरवानीला घरी हात लावू नका. डाग पडला तर कोरड्या कपड्यानं टिपा, पाणी सुद्धा नको, रेशमावर पाण्याची कड उमटते. घडी न घालता, दोन दिवसात लॉन्ड्रीत द्या, आणि देताना डाग कशाचा आहे, कधी पडला आणि घरी त्यावर काय काय लावलं ते सगळं सांगा. लोक लाजून "माहीत नाही हो, असाच पडलाय" म्हणतात, मग आम्हाला अंदाजानं सुरुवात करावी लागते, आणि आधी लावलेलं ब्लीच किंवा सोडा आमच्या केमिकलशी जुळला नाही तर साडीचा रंग जातो.